भिंतीपलीकडचं बीजगणित

आमच्या मुलींच्या शाळेत पृथ्वी कोहळ्याची होती. भिंतीपलीकडच्या मुलांच्या शाळेत पृथ्वीचा गोल आला हे कळल्यावर आमच्या मोठ्या बाई, यमुनाबाई, दिवसभर कुणाशी धड बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सिंदी गावच्या बाजारातून एक कोहळा आणला, निळीने समुद्र रंगवले, गेरूने खंडं काढली. कोहळा लांबट होता, त्यामुळे आमचे ध्रुव इतरांपेक्षा जरा दूर पडत. पुढे आफ्रिका मऊ पडायला लागली, तेव्हा बाईंनी तेवढी कापून टाकली आणि उरलेल्या जगाची भाजी केली.

बाईंना जाऊन महिना झाला. लिहायला बसले की आधी ती भाजीच आठवते.

बाईंचा हेवा उघडा असे. तिकडे पितळी घंटा होती, आमच्याकडे रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला. आमची शाळा सकाळची. ती सुटताना बाई तो रूळ इतका जोरात बडवायला लावत की पलीकडची मुलं आपली शाळा भरली समजून घरून पळत सुटत. शाळा समितीपुढे त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, "पोट्ट्याइले आहे, तर पोरीइले काऊन नाई?" समितीतली माणसं बाई दिसल्या की रस्ता बदलत, असं माझे वडील सांगत. वडील स्टेशनात मालबाबू होते. कापसाच्या गाठींपेक्षा बाईंचं वजन जास्त, असंही ते म्हणत.

मुलामुलींनी एकत्र शिकावं की नाही, यावर गावात वाद चाले. बाईंचं मत ठाम होतं. "पोट्टे आले का पोरीचा आवाज अर्धा होते," त्या म्हणत. आमच्या शाळेत मुली ओरडत, भांडत, चुकीचं उत्तरही ठणकावून देत. मोठ्या गावांतल्या एकत्र शाळांत म्हणे मुली घंटा होईपर्यंत मास्तरांच्या खोलीत उभ्या राहत, मास्तरांच्या मागून वर्गात जात आणि त्यांच्याच मागून बाहेर पडत. बाईंना ते बदकांच्या पिलांसारखं वाटे.

पण आमची शाळा सातवीला संपे. पुढे बीजगणित होतं आणि ते भिंतीपलीकडे होतं. मला ते हवं होतं. बाई म्हणाल्या, एक साल थांब, आठवी इकडेच काढू. समितीने विचारलं, शिकवणार कोण? त्या साली ते तिथेच अडलं. वडिलांनी तर माझं शिक्षण संपलं असंच धरलं होतं. एका संध्याकाळी बाई घरी आल्या आणि चहाला हात न लावता म्हणाल्या, "जाऊ द्या तिले तिकडे, मालबाबू." हे वाक्य त्यांना किती जड गेलं, ते त्यांच्या कपाळावर दिसत होतं.

पहिल्या दिवशी मी मास्तरांच्या खोलीत उभी होते. घंटा झाली. गणिताचे बापूमास्तर निघाले, मी त्यांच्या मागे. वर्गात पोचलो तर मुलींसाठी ठेवलेल्या एकुलत्या बाकावर बाई आधीच बसलेल्या, छत्री मांडीवर, पाटी पुढ्यात. पुढच्या साली आठवी काढायची तर आपल्यालाच बीजगणित यायला हवं, असं त्यांनी मास्तरांना सांगितलं. मागून कुणीतरी बाई नापास झाल्या का म्हणून विचारलं. बाईंनी छत्री टेकवून मागे पाहिलं. पुन्हा कुणी विचारलं नाही.

त्या रोज येत आणि रोज चुकत. मला जे विचारायचा धीर नसे, नेमकं तेच त्या विचारत. "मास्तर, हा क्ष इकडून तिकडे गेला का उणा काऊन होते?" मला लाज वाटे, पण उत्तर मिळे. पोळ्याच्या सुमारास एकदा त्या काहीच विचारेनात. मास्तर फळा पुसायला निघाले, तेव्हा मीच उभी राहिले आणि माझा आवाज पार मागच्या भिंतीपर्यंत गेला. दुसऱ्या दिवसापासून बाई आल्या नाहीत. म्हणाल्या, "मले समजलं आता."

आठवीचा वर्ग काही निघाला नाही. वर्षभरात वडिलांची बदली झाली आणि आम्ही वर्ध्याला गेलो. बाई बीजगणित शिकल्या ते माझ्यामुळे, हे मी कॉलेजात मैत्रिणींना अभिमानाने सांगत असे. तो बाक माझा आणि बाईंचा होता.

शोकसभा मुलांच्या शाळेतच झाली. तिथली जागा मोठी, याचाही बाईंना हेवा वाटला असता. म्हातारे बापूमास्तर उभे राहिले. म्हणाले, "बाई हुशार होत्या. पण आठवीत नवीन पोरगी आली का त्या साली बीजगणित विसरत."

बाकावर माझ्या बाजूला दोन मुली बसल्या होत्या, माझ्याहून लहान. एक डोळे पुसत होती. मी विचारलं, तुझ्याजवळ किती दिवस बसल्या?

"दिवाळीपर्यंत," ती म्हणाली.

माझ्याजवळ पोळ्यापर्यंतच बसल्या होत्या. माझा आवाज लवकर निघाला, हे माझंच चुकलं.

एवढ्यात आणखी एक मुलगी आमच्या बाकापाशी येऊन उभी राहिली. बाकावर जागा नव्हती. "ताई, सरकता का जरा?" तिने मला विचारलं.

मी सरकले. फार नाही.