नॉर्बर्ट डेलफॉसचं अजून ठरलेलं नाही

नॉर्बर्ट डेलफॉसचं मत एप्रिलातच ठरलं होतं. कुणाला द्यायचं, का द्यायचं आणि मेव्हण्याला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, हे तिन्ही. तरीही ऑक्टोबर संपत आला तरी तो विचारेल त्याला "अजून ठरलेलं नाही" असंच सांगत होता. याचा राजकारणाशी काही संबंध नव्हता. संबंध होता तो डोरीनशी.

सप्टेंबरात एका गुरुवारी दुपारी चार वाजता त्याच्या स्वयंपाकघरातला फोन वाजला होता. निवडणुकीच्या वर्षात विस्कॉन्सिनमध्ये फोन वाजतच असतात. राज्याचा कौल ऐन वेळी कुठेही झुकतो, त्यामुळे एरवी ज्यांना हिंग लावून कुणी विचारत नाही त्यांच्या मनात काय आहे, याची साऱ्या देशाला चिंता लागते. शहाणी माणसं असे फोन उचलत नाहीत. नॉर्बर्ट उचलायचा. बायको आर्लीन जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगी ऑरेगनला होती, आणि चीजच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाला चीजबद्दल विचारायलाही कुणी फोन करत नाही.

"नमस्कार, मी डोरीन. जनमत चाचणीसाठी बोलतेय. सात मिनिटं देता का?"

"सात कशाला, सत्तर घ्या," नॉर्बर्ट म्हणाला.

आवाज साठीतला, जरासा घोगरा होता. तिने पहिला प्रश्न वाचला, "देश योग्य दिशेने चाललाय असं तुम्हाला वाटतं का?"

"बाई, मी दिवसातून दोनदा चालतो. टपालपेटीपर्यंत आणि परत. त्यातली कुठली दिशा योग्य, तेच मला अजून कळलेलं नाही."

ती हसली. अगदी मोकळं, पोटातून हसली. मग घाईने म्हणाली, "अहो, हे मला लिहिता येणार नाही. यातला एक पर्याय निवडा ना." त्या घरात दोन वर्षांत बाईमाणसाचं हसू ऐकू आलं नव्हतं. नॉर्बर्ट खुर्ची ओढून बसला.

शेवटी मुख्य प्रश्न आला, राष्ट्राध्यक्ष म्हणून राज्यपालबाई की सिनेटर? नॉर्बर्टने नाव सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात डोरीनने पुढची ओळ वाचली, "ज्यांचं ठरलेलं नसेल त्यांना आम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन करतो."

नॉर्बर्टने तोंड मिटलं. "ठरलेलं नाही," तो म्हणाला.

त्यानंतर त्याचा आठवडा गुरुवारपासून गुरुवारपर्यंत झाला. तीन वाजता तो दाढी करायचा आणि इस्त्रीचा शर्ट घालायचा. फोनवर शर्ट दिसत नाही हे त्याला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. डोरीन तेच प्रश्न विचारायची, तो दर वेळी नवी उत्तरं द्यायचा. मधल्या फटीतून थोडं थोडं कळत गेलं. तीही एकटीच होती. ओ क्लेअर शहरात राहायची. तिला संत्र्याचा मुरांबा जमायचा, पण खायला कुणी नव्हतं. ही माहिती तो पुढच्या गुरुवारपर्यंत पुरवून पुरवून वापरायचा.

खोटं बोल पण रेटून बोल, म्हणून त्याने दारावर येणाऱ्यांनाही तेच सांगितलं. झालं! ज्याचं मत ठरलेलं नाही असा माणूस सापडला, की दोन्ही पक्षांना गुळाची ढेप दिसते. एका पक्षाची निवृत्त शिक्षिका आणि दुसऱ्या पक्षाचा दातांचा डॉक्टर एकाच सकाळी ओसरीवर उभे राहिले. दोघांनाही त्याने कॉफी पाजली. शिक्षिकेने त्याला करप्रणाली समजावली, डॉक्टरने सीमाप्रश्न समजावला आणि जाता जाता खालची दाढ काढून टाका म्हणूनही सांगितलं.

मग वर्तमानपत्रात बातमी आली. मेव्हणा लँबर्ट ती फडफडवतच घरात शिरला. लँबर्ट कट्टर पक्षवाला, त्याच्या अंगणात बिया रुजवायला जागा नव्हती इतक्या प्रचाराच्या पाट्या.

"वाचलंस, नॉर्ब? आपल्या भागातले साठीपुढचे पुरुष! महिन्याभरापूर्वी शंभरातल्या चौघांचं ठरलं नव्हतं, आता अकरा जणांचं ठरलेलं नाही! माणसं वयाबरोबर शहाणी होतात म्हणे!"

"अकरा म्हणजे काही फार नाहीत रे."

"तुला काय कळतंय? म्हातारे फोन उचलतात कुठे? जो एखादा उचलतो त्याच्या एकट्याच्या मागे हे लोक चार-चार हजार मतं धरतात. एक कुणीतरी गाढव फोनवर बसून सबंध राज्य हलवतंय! सापडला ना, तर चर्चच्या बूयाच्या उकळत्या हंड्यात घालीन त्याला."

नॉर्बर्टने कॉफीचा कप खाली ठेवला. त्याने हयातभर चीजचं वजन कधी औंसभर चुकवलं नव्हतं, आणि आता चार हजार माणसांचा खोटेपणा एकट्याच्या डोक्यावर! पुढच्या गुरुवारी खरं सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं. पुढचा गुरुवार आला, डोरीन म्हणाली, "आज तुमचा आवाज बसलाय, बरं नाही का?" आणि तो म्हणाला, "ठरलेलं नाही."

आकडा पाहून सिनेटरसाहेबांनी मिलवॉकीची सभा रद्द केली आणि थेट याच गावात यायचं ठरवलं. चर्चने त्यांच्यासाठी खास बूया मांडला. बूया म्हणजे मोठ्या हंड्यात रात्रभर ढवळत शिजवलेला कोंबडीचा दाट रस्सा. आणि गावात नॉर्बर्टसारखं ढवळणारं कुणी नव्हतं. दिवस ठरला मतदानाआधीचा शेवटचा गुरुवार. वेळ दुपारी तीन.

"मला जमणार नाही," नॉर्बर्ट म्हणाला.

"का? तुला काय काम असतं?" लँबर्टने विचारलं. बुधवारी रात्री नॉर्बर्ट काठी घेऊन हंड्यापाशी उभा राहिला.

सिनेटर आले पावणेचारला. त्यांच्या बसने चर्चचा रस्ता अडवला आणि पोलिसांनी उरलेला. साहेब हंड्यापाशी आले, नॉर्बर्टचा हात हातात घेऊन डोळ्यांत बघत म्हणाले, "काका, मोकळेपणाने सांगा. तुम्हाला कशाची काळजी वाटते?"

"चार वाजायला बारा मिनिटं आहेत," नॉर्बर्टने मोकळेपणाने सांगितलं.

"खरं आहे! देशाचीही वेळ निघून चालली आहे!" साहेब कॅमेऱ्याकडे वळले. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत नॉर्बर्टने ढवळायची काठी लँबर्टच्या हातात दिली आणि गाडीकडे धावला.

"बस निघेपर्यंत कुणालाही जाता येणार नाही," पोलीस म्हणाला.

राहिली चर्चमागची वाट, दफनभूमीतून आणि पुढे कापलेल्या मक्याच्या शेतातून. आर्लीनच्या दगडापाशी तो क्षणभर अडखळला. "घाईत आहे गं. रविवारी येतो, सगळं सांगतो," म्हणाला आणि खुंटांतून धडपडत पळत सुटला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मैलभर पळायचं म्हणजे पाय एक सांगतात आणि छाती दुसरंच.

घरात शिरला तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. फोन गप्प होता. नॉर्बर्ट त्याच्यासमोर बसला, गुडघ्यापर्यंत चिखल, शर्टावर रस्सा. मंगळवारी मतदान. त्यानंतर या राज्यात कुणाच्या मनात काय आहे, हे चार वर्षं कुणी विचारणार नव्हतं. त्याला एकदम इतकं एकटं वाटलं की तेवढं आर्लीन गेली त्या दिवशीही वाटलं नसेल. त्या दिवशी निदान घर माणसांनी भरलेलं होतं.

फोन वाजला.

"अहो, होतात कुठे? तीनदा लावला मी!" डोरीन म्हणाली. "आता पटकन बोला, माझी सुट्टी संपत आली."

"सुट्टी? म्हणजे... हे काम नाही?"

पलीकडचा घोगरा आवाज आणखी घोगरा झाला. "तीनदा 'ठरलेलं नाही' म्हटलं की नाव यादीतून काढतात, डेलफॉससाहेब. तुमचं कधीच काढलं. गेले चार गुरुवार मी चहाच्या सुट्टीत माझ्या फोनवरून लावतेय."

"मग प्रश्न का विचारत होतात?"

"दुसरं काय विचारणार? सुचायला नको?"

"आणि ते चार हजार? तो अकराचा आकडा?"

"तुमच्या भागातले सगळेच म्हातारे तसं सांगतात हो. पहिल्या घंटीला उचलतात आणि ठेवू म्हणून देत नाहीत."

नॉर्बर्टला सुटल्यासारखंही वाटलं आणि थोडा हेवाही वाटला. "त्या सगळ्यांना तुम्हीच फोन करता?"

"कामाच्या वेळेत. सुट्टीत फक्त तुम्हाला."

नॉर्बर्टने मोठा श्वास घेतला. "डोरीन, मी खोटं बोललो. माझं एप्रिलातच ठरलंय. तुमचा फोन यावा म्हणून बोललो. गुरुवारची फार वाट बघतो मी." आणि मग सगळंच सांगायचं, म्हणून त्याने नावही सांगून टाकलं.

"अगबाई!" डोरीन ओरडली. "त्यांना? डोकं फिरलंय का तुमचं?"

ती फोन ठेवणार, असं नॉर्बर्टला वाटलं. पण पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"हे बघा, असं चालायचं नाही," ती म्हणाली. "तुम्हाला नीट समजावून सांगायला पाहिजे. आणि ते एका फोनमध्ये व्हायचं नाही."

"नाही व्हायचं," नॉर्बर्ट म्हणाला. "मी फार हट्टी माणूस आहे. चार-पाच वर्षं तरी लागतील."