सात टक्क्यांचं घर

द्वारकाबाई टेमघरे यांचं घर दर सोमवारी सकाळी सात टक्क्यांनी लांब होत असे.

याला कारण द्वारकाबाईच होत्या, आणि त्या ते कबूलही करत. सोळा सोमवारांचं व्रत धरताना त्यांच्या मनात होता एक नळ. सून नूतन हिला सहावा महिना लागला होता, मुलगा चाकणला नोकरीला आणि पाणी बाहेरच्या दाराशी असलेल्या हापशावर. पण तळहातावर पाणी घेऊन संकल्प सोडायची वेळ आली, तेव्हा त्यांची जीभ अडखळली. जटेत गंगा बाळगणाऱ्याकडे अर्ध्या इंचाची तोटी मागायची म्हणजे अगदीच हलकं दिसलं असतं. म्हणून त्या भारदस्तपणे म्हणाल्या, "माझ्या घराची वाढ होवो."

देवानं शब्द पाळला. घर मागच्या बाजूला वाढत गेलं आणि स्वयंपाकघर त्याच्याबरोबर गेलं. हापशापासून चुलीपर्यंत बावीस पावलं होती, ती दहाव्या सोमवारी चाळिसाच्या पुढे गेली. घागर तेवढीच राहिली. दिवा एकच होता, तो मधल्या खोलीत एकटाच लांबवर लुकलुकत असे. प्रसादाचा चुरमाही अर्ध्या शेराचाच होई, फक्त तो देवघरात पोचेपर्यंत निवत असे.

नूतन एकदा म्हणाली, "आई, उद्यापासून देवपूजेला निघताना डबा बांधून देऊ का?"

द्वारकाबाई हसल्या खऱ्या, पण डॉक्टरीणबाईंनी नूतनला ओझं उचलू नको म्हणून बजावलं होतं. द्वारकाबाई स्वतः घागर घेऊन निघत आणि अर्ध्या वाटेत त्यांचा उजवा गुडघा धरे. मग गुपचूप नूतनच ती घागर उचले.

बाराव्या सोमवारी तालुक्याहून वाढ निरीक्षक काटदरे टेप घेऊन आले. त्यांनी सगळं घर मोजलं आणि ओसरीवर बसून गार झालेला चहा आनंदानं प्यायले. सबंध तालुक्यात असं घर नाही, असं ते म्हणाले. द्वारकाबाईंनी नळाच्या अर्जाचं विचारलं.

"काकू, तुमचं नाव आता मोठ्या घरांच्या यादीत गेलं. नळ लहान घरांना."

"पण साहेब, घागर तेवढीच आहे. आणि उचलणारी नवव्या महिन्याकडे चाललीय."

"घागर आम्ही मोजत नाही," काटदरे मृदूपणे म्हणाले आणि त्यांनी अभिनंदनाचं प्रमाणपत्र दिलं. ते टांगायला भिंत भरपूर होती.

सोळाव्या सोमवारी पासष्ट पावलं भरली. त्या दुपारी नूतन पन्नासाव्या पावलावर भिंतीला टेकून खाली बसली. घागर कलंडली. ती नुसती धापा टाकत राहिली. द्वारकाबाई तिच्याशेजारी ओल्यात बसल्या आणि त्यांना स्वतःच्या भारदस्तपणाची फार लाज वाटली.

सतराव्या सोमवारी उद्यापन होतं. त्यांनी तळहातावर पाणी घेतलं आणि शेजारणीला घरातली वस्तू कुठे ठेवलीय ते सांगावं तसं देवाला सांगितलं, "नळ. चुलीच्या डाव्या हाताला, कमरेएवढ्या उंचीवर. घर आहे तेवढं पुरे."

त्या दिवशी घर वाढलं नाही. संध्याकाळी चुलीच्या डाव्या हाताला पितळेची तोटी निघाली. फिरवल्यावर ती आधी खोकली, मग तिला पाणी आलं.

गुरुवारी नूतनला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोन दिवसांत घरी आली. अंघोळीचं पाणी चुलीपासून दोन पावलांवर होतं. नूतननं ती दोन पावलंसुद्धा टाकली नाहीत.

पुढच्या सोमवारी काटदरे आले. टेप दोनदा लावून पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. वाढ शून्य होती. त्यातून घरात एक डोकं जास्त झाल्यामुळे दर माणशी लांबी चक्क घटली होती. द्वारकाबाईंनी त्यांना नळ पाहायला आत नेलं. पासष्ट पावलं चालून त्यांनी नळ पाहिला, फॉर्म पुढूनमागून पाहिला आणि नळाला रकाना नसल्याचं सांगितलं.

"धीर सोडू नका, काकू," ते म्हणाले.

चुलीजवळच बसून त्यांनी चहा घेतला. पहिल्याच घोटाला त्यांची जीभ पोळली. निघताना त्यांनी कप विसळला आणि तोटी नीट बंद केली.

ते गेल्यावर द्वारकाबाईंनी पुढच्या व्रताचा विचार सुरू केला. या खेपेला गुडघा मागायचा होता. उजवा, दुखायचा थांबू दे, असंच सांगायचं त्यांनी ठरवलं. नाहीतर तोही लांब व्हायचा.