एमजीचं उजवं दार

"एमजी? म्हणजे शोभनाकडे आहे तीच ना? पांढरी, मोठी?" विभावरीने चहा ओतता ओतता विचारलं.

"ती नव्हे गं! ही अस्सल. एकोणीसशे बावन्नची टीडी," सदानंद म्हणाला.

"म्हणजे एसी नाही."

"दारांना काचासुद्धा नाहीत."

"रियाधमध्ये?"

सदानंद एका बँकेत कर्जांची जोखीम तपासायचा. आयुष्यात त्याने स्वतः कसलीच जोखीम घेतली नव्हती. पण त्याचे साहेब मुसाइद यांनी वडिलांची जुनी गाडी जेद्दाहून रियाधला आणली आणि हा शहाणा माणूस कामातून गेला. जेवताना गाडी, झोपताना गाडी.

"युद्ध संपलं तेव्हा इंग्लंडची तिजोरी रिकामी," तो रंगात येऊन सांगू लागला. "सरकार कारखान्यांना म्हणालं, माल परदेशात विका, तरच पोलाद मिळेल. तिकडे राहून गेलेल्या अमेरिकन सैनिकांना या चिमुकल्या गाड्यांचं वेड लागलेलं. जहाजं भरभरून गेल्या!"

"मग इंग्लंडच्या लोकांना?"

"त्यांनी वाट बघायची."

"पण एवढं आहे काय हो तिच्यात?" आता विभावरीलाही खरंच उत्सुकता वाटू लागली होती.

"बसलं की म्हणे रस्ता हाताला लागतो."

"रस्त्याला हात कशाला लावायचा?"

ते बसल्याशिवाय कसं कळणार? म्हणूनच तर त्याला एकदा, फक्त एकदाच, त्या गाडीत बसायचं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने धीर करून साहेबांना तसं सांगून टाकलं.

"बस की! शेजारची सीट रिकामीच असते," मुसाइद म्हणाले. "पण ते उजवीकडचं दार वळणावर आपोआप उघडतं. जेद्दाला कधी असं झालं नव्हतं. इथे माझी बायको नबीला एकदा बसली, चौकात वळलो आणि दार सताड! तिने त्या दिवसापासून गाडीचं नाव टाकलंय."

"मी करतो दुरुस्त," सदानंद बोलून गेला. घरी ज्याला स्क्रू आवळता येत नाही तो हे बोलला! पण शब्द सुटला होता.

"दार नीट लागलं तर शुक्रवारी सकाळी जुन्या दिरिया गावापर्यंत तू माझ्या शेजारी," मुसाइद खूश होऊन म्हणाले. ते एका लग्नाला जेद्दाला गेले आणि गाडी सदानंदच्या दारात आली.

सदानंदने वहाबला बोलावलं. वहाब मूळचा रत्नागिरीचा, इथे बथा बाजारातला तांदळाचा व्यापारी. त्याला ठाऊक नाही असा विषय अल्लाने अजून निर्माण केलेला नव्हता. त्याने दाराचं आतलं अस्तर काढून डोकावलं आणि मांडीवर थाप मारली.

"अरे सदाभाऊ, ही गाडी कसली, ही तर होडी! आत सांगाडा सगळा लाकडाचा, वरून नुसता पत्रा. जेद्दाला समुद्राची दमट हवा. इथे लाकूड वाळलं, आक्रसलं. आमच्याकडे होडी वाळून फटी पडल्या की काय करतात?"

"काय?"

"भिजवतात!"

झालं! तांदळाची रिकामी पोती ओली करून दारात आणि चौकटीत कोंबली. संध्याकाळपर्यंत ढिम्म फरक नाही. मग विभावरीचे चांगले टॉवेल गेले. "माहेरचे आहेत ते!" ती ओरडली, तोवर त्यांतून पाणी टपकत होतं. गुरुवारी दार लावलं, तर कसं खट्‌ करून बसलं! सदानंदने वहाबला मिठीच मारली.

मग दार उघडायला गेले. उघडेना. सदानंदने ओढलं, वहाबने ओढलं, वहाबला धरून सदानंदने ओढलं.

"जरा जास्त फुगलं," वहाब म्हणाला. "आता वाळवू."

विभावरीचा केस वाळवायचा ड्रायर आणला. अर्ध्या तासात घराचा फ्यूज उडाला, दार जागचं हललं नाही. वहाबला नेमकं तेव्हाच दुकान आठवलं.

शुक्रवारी सकाळी मुसाइद आले ते सपत्नीक. सदानंदने मनातल्या मनात बॅगा भरल्या. साहेबांच्या वडिलांची आठवण आपण बिघडवली! गेली नोकरी, गेला इथे राहायचा इकामा, चला आता पुण्याला.

मुसाइदनी दार ओढलं. पाय टेकवून ओढलं. मग दोन्ही हातांनी गदागदा हलवलं.

"सर, त्याचं असं झालं..." सदानंद पुढे होऊन सांगू लागला.

"नबीला!" मुसाइद ओरडले. "इकडे ये! बघ, उघडतच नाही!"

नबीलाबाई मोठ्या गाडीतून उतरल्या. त्यांनी दार ओढून पाहिलं, गुडघ्याने ढकलून पाहिलं, पर्स आपटून पाहिली. मग त्या पहिल्यांदाच हसल्या, चालकाच्या बाजूने आत शिरल्या आणि सरकत सरकत पलीकडे जाऊन ऐसपैस बसल्या.

"सदानंद, तू जादूगार आहेस!" मुसाइदनी गाडी सुरू केली. "यल्ला, निघू या!"

"सर, ते आपलं दिरियाचं..."

मुसाइदनी बायकोकडे पाहिलं, मग सदानंदकडे. "अरे, पण सीट दोनच आहेत!"

इंजिन गोड गुरगुरलं आणि गाडी वळणावरून झोकात गेली. दार जराही हललं नाही. सदानंदला भर रस्त्यात रडू येईलसं वाटलं.

विभावरी हळूच त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "थोडं कमी भिजवलं असतंत, तर त्या बसल्या नसत्या."