दोणीतले पाय

वसंतरावांना पाय पाण्यात बुडवल्याशिवाय एक ओळ सुचत नाही. त्यांचं त्यांनी बघावं, माझी हरकत नव्हती. पण ते पाणी माझ्या म्हशींचं असतं.

आमच्या गल्लीत, तालमीच्या पलीकडं माझा गोठा आहे. संध्याकाळी लोक पेला घेऊन उभे राहतात आणि मी समोर धार काढून फेसासकट दूध देतो. दारात लिंबाच्या सावलीला म्हशींची पाणी प्यायची दगडी दोण आहे, माझ्या वडलांनी बैलगाडीतनं आणलेली. एप्रिल लागला की त्या दोणीच्या काठावर पाटबंधारे खात्यातला रिटायर हेडक्लार्क येऊन बसतो. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, मांडीवर पॅड, कानावर पेन्सिल आणि पाय पाण्यात.

"वसंतराव, काय चाललंय ह्ये?"

"लिखाण, तात्या. लिखाण कसं, सैल अंगानं व्हावं लागतं. पावसाळ्यात माणूस छत्री सांभाळतो, थंडीत नाक. उन्हाळ्यात हात मोकळे. लिहायचं ते उन्हाळ्यात."

"मग लिवा की!"

"घाई नाही. मुरतंय."

हा त्यांचा ठरलेला शब्द. आमच्या घरात लोणचं घातलं, मुरलं, खाऊन बरणी धुवून पालथी टाकली, तरी ह्यांचं आपलं मुरतंयच. मध्येच विचारणार, "तात्या, रवंथ करताना म्हशीला काय आठवत असेल हो?"

"मागल्या जन्मीची कारकुनी," मी म्हणायचो.

ते मान हलवून पेन्सिल हातात घ्यायचे. वाटायचं, आता लिहितात. ते तिनं पाठ खाजवायचे.

मी चौथीत शाळा सोडली. लिहिणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे, पण माझ्या राणीला नाही. राणी ही माझी सगळ्यात दुधाळ म्हैस आणि मानी फार, म्हणजे धन्यावर गेलेली. दोणीत माणसाचे पाय दिसले की नाकपुड्या फुगवून मागं सरते. तहानलेली राहील, पण तोंड लावणार नाही. मग मला बोंबलावं लागतं, "वसंतराव, पाय भाईर काढा!"

ते दोन्ही पाय वर उचलतात, पॅड छातीशी धरतात. मी बोळा काढून सगळं पाणी सोडून देतो, दोण घासतो, पाईप लावून ताजं भरतो. राणी पिते. तिची पाठ वळली की ह्यांचे पाय पुन्हा आत.

"वा! थंडगार!"

एका दिवसात हे दोन-तीनदा. सून दारातनं म्हणायची, "मामंजी, त्येंचं पाय गार करायला बोर मारलीया व्हय आपन?" मी तिच्यावर खेकसायचो, कारण तिचं बरोबर होतं.

घरातलं एक वेळ चालतं. पण गिऱ्हाइकांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कोडोलीचा एक पावणा पहिल्यांदाच दूध प्यायला आला. त्यानं दोणीकडं बघितलं, वसंतरावांकडं बघितलं, मग मला विचारलं, "काय वो पावणं, ह्येंची धार कवा काढताय?" सगळी रांग हसली. वसंतरावही हसले. मी मान खाली घालून पिळत राहिलो, धार पेल्याच्या बाहेर चालली होती तरी.

पूर्वी हे सोंग त्यांच्याच अंगणात चालायचं. पितळेची बादली होती आणि त्यावरनं वहिनींचा ओरडा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचा. वहिनी गेल्या, पोरगा पुण्याला. त्याच्या पुढल्या उन्हाळ्याला ते माझ्या दोणीवर आले. मला वाटलं, बादली गळत असेल. म्हणून बाजारात जाऊन चांगली मोठी प्लास्टिकची बादली आणली आणि त्यांच्यासमोर आपटली. म्हटलं, आता तरी समजेल. त्यांनी आभार मानले आणि तिच्यात आपल्या चपला ठेवल्या. "कातडी चप्पल, तात्या. भिजली की गेली."

आता तालमीचं सांगतो. मे महिन्यात आमच्या तालमीच्या पटांगणात एक संध्याकाळ गल्लीतल्या हौशी लोकांची असते. कुणी गाणं म्हणतं, कुणी नकला करतं. वसंतराव दरसाल नाव देतात, दरसाल माईकसमोर उभे राहतात, "अजून मुरतंय" म्हणतात आणि खाली बसतात. पोरं शिट्ट्या मारतात. यंदा मंडळाचा अध्यक्ष पिंटू गोठ्यावरच आला. "काका, औंदा वाचलं तर वाचलं. न्हायतर पुढल्या सालापासनं तुमचं नाव कट. त्यो टाइम आर्केस्ट्राला."

वसंतरावांच्या कानावरची पेन्सिल पाण्यात पडली. त्यांनी ती काढली नाही, मी काढली.

त्या दिवसापासनं त्यांचं "मुरतंय" बंद झालं. नुसते बसायचे, दोणीतल्या पाण्याकडं बघत. मी हिशोब केला, ह्यांनी लिहिलं की हे उठणार. म्हणून मीच विषय पुरवायला लागलो.

"कुस्तीवर लिवा."

"मी कधी खेळलो नाही."

"मटणावर लिवा."

"पथ्य आहे."

शेवटी म्हटलं, जोतिबाला जाऊन या, डोंगरावर देव काहीतरी सुचवील. गेले. गुलालानं लालभडक होऊन परत आले.

"काय सुचलं का?"

"सुचलं. तहान लागल्याचं." आणि पाय दोणीत. पाणी लाल झालं. राणी त्या दिवशी माझ्याकडंसुद्धा बघेना.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी मागच्या ओळीत बसलो होतो. ते उठले. पांढरा शर्ट, हातात एक कागद. पोरांनी आधीच बोटं तोंडात घातली होती. वसंतरावांनी घसा साफ केला आणि वाचलं, "माझे शेजारी तात्या."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"तात्या दोणीतलं पाणी कधी तापू देत नाहीत. कोमट झालं की मला पाय वर घ्यायला सांगतात, दोण स्वतःच्या हातानं घासतात आणि ताजं पाणी भरतात. माझ्या चपला भिजू नयेत म्हणून त्यांनी नवी बादली आणली. रिटायर माणसाचे इतके लाड सख्खा भाऊ करणार नाही."

पटांगण हसून लोळायला लागलं. माझा आरडाओरडा ऐकला नाही असा एक माणूस तिथं नव्हता. पिंटू ओरडला, "तात्या, उद्या आमचं बी पाय धुवा की!" मला जमीन दुभंगावीशी वाटली. उठून खरं सांगावं, तर भर सभेत आपण कसले आहोत ते आपल्याच तोंडानं सांगायचं. गप्प बसावं, तर फुकटचा मोठेपणा खिशात घातल्यासारखं. मी चपलेच्या अंगठ्याकडं बघत बसलो.

वसंतरावांनी हात वर केला.

"हसू नका. मला कळतं. तात्या मला हाकलतात. सगळा जन्म सरकारी ऑफिसात गेला, हाकलणं मला लांबूनच ओळखू येतं." त्यांनी कागद खाली घेतला. पुढचं कागदात न बघता सांगितलं. "माझ्या घरी बादली आहे. नळाला पाणी आहे. ही गेल्यावर एक दिवस मी तिथंच पाय बुडवून बसलो. दुपार गेली, दिवेलागण झाली. पावलं पांढरी पडून सुरकुतली. पाय बाहेर काढा, असं मला कुणी म्हणालं नाही."

एवढं बोलून ते बसले. शिट्टी वाजली नाही. मी त्यांच्याकडं न बघता मागच्या मागं घरी आलो.

सकाळी उठून मी दोण नारळाच्या काथ्यानं लखलखीत घासली. राणीसाठी आत गोठ्यात वेगळा टब मांडला. म्हटलं, आता ह्या माणसाला कुणी त्रास द्यायचा नाही. वसंतराव वेळेवर आले. चपला बादलीत, पाय दोणीत. राणी आत टबातलं पाणी निवांत पीत होती.

त्यांनी वाकून आत बघितलं. "म्हशीला वेगळं पाणी ठेवलंत?"

"व्हय. तुमी बसा की निवांत." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. पाहुण्याशी बोलावं तसा होता.

ते थोडा वेळ बसले. पेन्सिल कानावरच राहिली. मग त्यांनी एक पाय बाहेर काढला, पंच्यानं पुसला, विजार खाली सोडायला लागले. "निघतो, तात्या. आज काही सुचेलसं वाटत नाही."

मी आत गेलो. टब उचलून शेणकुंडात पालथा केला. राणीला दाव्याला धरून, तिचं पोट भरलेलं असताना, ओढत दोणीपाशी आणली. आणि सगळा जोर लावून ओरडलो. तालमीतली पोरं बाहेर आली.

"वसंतराव! म्हस तहानंनं मराया लागलीया! पाय भाईर काढा की!"

त्यांनी दुमडलेली विजार पुन्हा वर ओढली. बाहेर काढलेला पाय आधी पाण्यात घातला, मग दोन्ही वर उचलले आणि पॅड छातीशी धरलं.

"फार ओरडतात," ते राणीला म्हणाले.