दादासाहेब अस्वले यांचं पहिलं व्याख्यान

एका जंगलात एक कॉलेज होतं. हसू नका, बाळांनो. जंगलात ओढा असतो, वारूळ असतं, तसं कॉलेजही असतं. हे कॉलेज खाजगी होतं, म्हणजे अस्वलांच्या घरचं होतं. आणि ते मुक्त कलांचं होतं, म्हणजे इथे शिकून पुढे काय करायचं, हे विचारायची पद्धत नव्हती. एखाद्या पालकाने विचारलंच तर प्राचार्य लांडोरबाई मान वेळावून म्हणत, "आम्ही पोट भरायला शिकवत नाही. भूक म्हणजे काय, ते शिकवतो."

मुलं खूश होती. माकडांची पोरं 'फांदी : एक पुनर्विचार' हा विषय घेत आणि वर्षभर जमिनीवर बसत. एका सशाने मेजर गवत आणि मायनर ढग घेतलं होतं. परीक्षेत त्याने गवताचा पेपर खाऊन टाकला, तर त्याला प्रात्यक्षिकाचे पूर्ण गुण मिळाले. कोल्ह्यांचं वादविवाद मंडळ सकाळी कँटीनमध्ये भांडायला बसे आणि आपण कुठल्या बाजूने भांडत होतो हे विसरून संध्याकाळी घरी जाई.

या कॉलेजात काटे सर इतिहास शिकवत. काटे सर जातीचे साळिंदर, पण स्वभावाने इतके मऊ की मुलं त्यांच्या पाठीचा काटा उपटून लिहायला घेत. सर एवढंच म्हणत, "पेपर झाला की परत द्या हं."

सर तासिका तत्त्वावर होते. म्हणजे घंटा झाली की प्राध्यापक, पुन्हा घंटा झाली की साळिंदर. असं बारा वर्षं चाललं होतं.

"बायका विचारतात, तुमचे मिस्टर काय करतात," त्यांची बायको म्हणे. "मी सांगते, तास करतात. पुढचं विचारू नका."

एक दिवस संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब अस्वले यांनी सरांना बोलावलं. अण्णासाहेब पोळ्यातला मध बोटाने काढून खात होते.

"काटे, कॉलेजला शंभर वर्षं होतायत. ग्रंथ काढायचाय. जाड पाहिजे. पाहुण्याच्या हातात दिला की हात खाली गेला पाहिजे."

"आत काय लिहू, अण्णासाहेब?"

"इतिहास लिहा. तुमचा विषय आहे ना? आजोबांचं पहिलं व्याख्यान अख्खं घ्या. ग्रंथ मनासारखा झाला तर तुम्ही कायम. नाही झाला तर जूनपासून तासही नाहीत."

आता हे पहिलं व्याख्यान जंगलात सगळ्यांना ठाऊक होतं. संस्थापक दादासाहेब अस्वले शंभर वर्षांपूर्वी जांभळाच्या झाडाखाली बसले, महिनाभर बोलले आणि त्यातून कॉलेज उभं राहिलं. दारावर तसं कोरलंच होतं. फक्त ते काय बोलले, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

सर ग्रंथालयात गेले. ग्रंथपाल घुबडाने काचेच्या पेटीतून एक वही काढून दिली. त्या व्याख्यानाची मूळ टिपणं. लिहून घेणारी, रोल नंबर एक, कुमारी मथुरा कासवे. सरांनी पहिलं पान उघडलं. कोरं. चाळीसच्या चाळीस पानं कोरी.

"विचार फार खोल होता," घुबड म्हणालं. "लेखणी पोचली नाही."

"हे कुणी सांगितलं?"

"पेटीवर लिहिलंय की."

सर रोल नंबर एकला शोधायला निघाले. शोधायला वेळ लागला नाही, कारण मथुराबाई अजून कॉलेजातच होत्या. शंभर वर्षांत त्या दुसऱ्या वर्षापर्यंत आल्या होत्या. सोमवारी चहाला निघालेल्या, त्या बुधवारी कँटीनच्या पायरीशी सरांना भेटल्या.

"आजी, दादासाहेब पहिल्या व्याख्यानात काय बोलले?"

"काही नाही."

"थोडंफार आठवत असेल ना?"

"अरे, आठवतंय म्हणून तर सांगते. काही बोलला नाही तो. त्याची बायको गेली होती आदल्या दिवशी. येऊन जांभळाखाली बसला. मग आम्हीही जाऊन बसलो. एकट्याला कसं सोडायचं?"

"आणि वही?"

"वाटलं, कुणाला निरोप धाडायचा असेल तर लिहून घेऊ. नव्हता धाडायचा."

"पण महिनाभर?"

"रोज जायचो की. हत्ती ऊस आणायचा. दादासाहेब खायचा नाही, मग आम्हीच खायचो. पण नुसतं किती बसणार? एक दिवस बगळ्याने मासे कसे झोपतात ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी सुतारपक्षी लाकडाबद्दल बोलला. चुकीचंच बोलला असेल, त्याला कुठे काय कळत होतं? पण तेवढा वेळ जायचा. महिन्याने दादासाहेब पहिल्यांदा बोलला. म्हणाला, 'उद्या पण याल ना?' झालं. तेच तुमचं कॉलेज."

काटे सर पायरीवर बसून राहिले. मग मथुराबाईंसाठी चहा घेऊन आले आणि घरी गेले.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. "मग अडलं कुठे? लिहा व्याख्यान. शंभर वर्षांत कुणी ऐकलेलं नाही. असं नव्हतं म्हणून कोण उठणार आहे?"

"मथुराबाई."

"त्या उठेपर्यंत तुम्ही निवृत्त व्हाल."

बोलणं खरं होतं. सर लिहायला बसले. 'हे वनवासी तरुणांनो' एवढं लिहिलं. खोडलं. 'ज्ञान हाच खरा मध' असं लिहिलं. तेही खोडलं. दादासाहेबांचं तोंड उघडलं की सरांना ते लगेच मिटावंसं वाटे. चार दिवसांनी त्यांनी मथुराबाईंनी सांगितलं तसंच लिहून काढलं. चार पानं झाली. पाचव्या पानाला मजकूर नव्हता.

अण्णासाहेबांनी ग्रंथ हातात घेतला. हात खाली गेला नाही. उलट जरा वरच गेला.

"काटे, हा शताब्दी ग्रंथ आहे की लग्नपत्रिका?"

पण चारच पानं होती, म्हणून अण्णासाहेबांनी ती वाचली. त्यांनी शेवटपर्यंत वाचलेली ही पहिलीच गोष्ट. वाचून झाल्यावर ते बराच वेळ बोटाला लागलेला मध चाटायचंही विसरले.

"आजी गेली होती?"

"हो."

"आम्हाला घरात कुणी सांगितलं नाही कधी."

खिडकीतून जांभूळ दिसत होतं. ते तिकडे बघत राहिले. सरांनी मनातल्या मनात बायकोची माफी मागून ठेवली.

"काटे," अण्णासाहेब वळून म्हणाले, "हे असं शेजारी बसणं पलीकडच्या जंगलातल्या कॉलेजात शिकवतात का?"

"नाही बहुतेक."

"मग जूनपासून आपल्याकडे सुरू! वेगळा विभाग. तुम्ही प्रमुख. कायम!"

अशा रीतीने 'सोबत अध्ययन विभाग' निघाला. विषय सगळ्यांना सक्तीचा. बसण्याचे दहा गुण, उसाशाचे पाच, काहीही न बोलण्याचे वीस. जांभळाखाली कुणीतरी दुःखी लागणारच, म्हणून त्याच्या पाळ्या लावल्या. सोमवारी ससा दुःखी, मंगळवारी मुंगूस. बुधवारच्या तरसाला बदललं, कारण त्याला मध्येच हसू येई. कावळ्याने 'सोबत : अपेक्षित प्रश्नसंच' काढला, तो हातोहात गेला. माकडांनी अभ्यासक्रम फार आहे म्हणून मोर्चा काढला, तेव्हा उसासा ऐच्छिक करण्यात आला.

काटे सरांना टेबल मिळालं. बायकोने आळीत पेढे वाटले.

वर्षाच्या शेवटी निकाल लागला. सगळे पास. एक नापास. रोल नंबर एक, मथुरा कासवे. हजेरी अकरा टक्के. त्या रोज वेळेवर निघत, पण झाडाशी पोचेपर्यंत तास संपलेला असे.

सर यादी घेऊन अध्यक्षांकडे धावले. "अण्णासाहेब, यांना कसं नापास करायचं? खऱ्या बसलेल्या या एकट्याच उरल्यात!"

"तेव्हा हजेरीपट होता?"

"नव्हता."

"मग बसली होती कशावरून?"

सरांकडे पुरावा एकच होता, तो म्हणजे एक कोरी वही. ते परत टेबलाशी आले. मग आपल्याच पाठीचा एक काटा उपटून त्यांनी यादीवर सही केली.

निकाल मात्र ते स्वतः घेऊन गेले. मथुराबाई जांभळाच्या वाटेवरच होत्या.

"नापास? कशात रे?"

"सोबतीत."

म्हातारी इतकी हसली की तिची पाठ खडखडली. "सही तुझी आहे?"

"हो, आजी."

"नोकरी पक्की झाली ना पण?"

"झाली."

"मग चांगलं झालं. बारा वर्षं लटकला होतास. ये, बस जरा."

सर तिच्याशेजारी बसले. बराच वेळ दोघं काही बोलले नाहीत. समोरून मुलं वह्या घेऊन जांभळाकडे धावत होती. सर उठले आणि अंगावरचं गवत झटकू लागले.

"निघालास?"

"तास आहे, आजी."

"कशाचा?"

सरांनी ते ऐकलं, पण ते तोवर चालू लागले होते.

तात्पर्य : खरं लिहायला कधीही घाबरू नये. संस्था चांगली असेल तर ती खऱ्याचाही शंभर गुणांचा विषय करते, आणि पस्तीस मिळाले की सोडून देते.