कपाटातला सर्व्हर आणि सूनबाईंची मुलाखत

तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेल्या सासऱ्यांनी कपाटाचा खालचा खण रिकामा करून तिथे सर्व्हर बसवला, तेव्हा सासूबाईंनी एवढेच विचारले, "आणि माझे गरम कपडे?"

"वरच्या खणात ठेव. आपोआप गरम राहतील."

सर्व्हरवर सासऱ्यांनी काढलेल्या यंत्रांच्या साडेचार हजार आकृत्या होत्या आणि त्यांचे जुने विद्यार्थी दिवसभर त्या उतरवून घेत. घरात इंटरनेटची जोडणी मात्र एकच. म्हणून सासऱ्यांनी शिस्तशीर वाटप केले होते. घरातल्या प्रत्येक यंत्राला इंटरनेटसाठी लागणारा पत्ता राउटरऐवजी सर्व्हरच देणार. नोंद नसलेले यंत्र पाहुणे समजले जाणार आणि पाहुण्याला तासातून दहाच मिनिटे मिळणार. हे नियम फ्रिजवर चिकटवलेले होते. वाचले कोणीच नव्हते.

सासूबाईंच्या आजारपणात सूनबाईंनी नोकरी सोडली होती. तीन वर्षांनी आज पहिली मुलाखत होती. ग्राहकांच्या संगणकाच्या अडचणी फोनवरून सोडवण्याचे काम. नेमका सकाळी त्यांचा लॅपटॉप बंद पडला, म्हणून बहिणीचा आणला. अकराला मुलाखत सुरू झाली. अकरा दहाला पडद्यावरच्या मॅडम तोंड उघडे ठेवून थिजल्या.

"बाबा, नेट गेलं!"

सासऱ्यांनी घड्याळ पाहिले. "बहिणीचा लॅपटॉप ना? पाहुणा. म्हणजे नियम अगदी बरोबर चाललाय."

"बाबा!"

सासरे वरमले. पाहुण्यांना अडवणाराच बंद केला की झाले, अशा हिशेबाने त्यांनी सर्व्हरची वायर उपटली. तत्क्षणी आतून सासूबाईंचा आवाज आला, "अहो, माझंही गेलं!" पत्ते वाटणाराच आडवा झाला होता. वायर पुन्हा लावली, तर असा अचानक उठवलेला सर्व्हर एकेक आकृती तपासत बसला.

"किती वेळ लागेल?"

"चार टक्के झालंय. नेटकं काम करतोय बघ."

मोबाइलला रेंज फक्त जिन्यात. सूनबाई धावल्या, मॅडमना फोन लावला, "एक मिनिट हं," म्हणाल्या आणि फोन हातात धरूनच दारातून सूचना देऊ लागल्या.

"बाबा, राउटरच्या मागे बारीक छिद्र आहे. टाचणीनं दहा सेकंद दाबून धरा. मग पत्ते तोच वाटेल."

"राउटरमधले माझे नियम पुसले जातील गं! दोन महिने खपलोय."

"माहितीये. आकृत्यांना धक्का लागणार नाही. नियम संध्याकाळी दोघं मिळून लिहू. धरा टाचणी."

"एक... दोन... तीन..."

"दाबलंय ना?"

"छे, आधी सराव करतोय."

सूनबाईंनी डोळे मिटले. आवाज मात्र चढवला नाही. "छान. आता तोच सराव छिद्रात करा."

राउटरचे दिवे विझले, पुन्हा लागले. "आलं गं बाई!" सासूबाई ओरडल्या.

सूनबाईंनी घाईघाईने फोन कानाला लावला. "मॅडम, माफ करा, आता पुढचे प्रश्न..."

"आम्ही सगळं ऐकत होतो. प्रश्न राहू द्या."

सूनबाईंनी मनातल्या मनात नोकरीवर पाणी सोडले.

"आमचे ग्राहक याहून पुष्कळ सोपे असतात," मॅडम म्हणाल्या. "सोमवारपासून सुरू करा. आणि हो, ते गृहस्थ आठवड्यातून एकदा आमच्या नव्या लोकांना सरावासाठी मिळतील का? मानधन देऊ."

सूनबाईंनी निरोप सांगितला. सासऱ्यांनी चष्मा पुसला, कोरा कागद पुढे ओढला आणि म्हणाले, "हट्ट किती मिनिटं करायचा, तेवढं नीट विचारून घे."