नारिंगी दिवा

कुसाकाबे नोरिओला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि नागोयाच्या त्या भल्यामोठ्या सभागृहात बायकोशेजारी उभं राहायला ते कळायची गरजही नव्हती. गरज होती शिस्तीची. चिझुरु आठवडाभर त्याची उजळणी घेत होती. प्रत्येक गायकाचा रंग ठरलेला. ज्याचं गाणं, त्याचा रंग दिव्याच्या दांडीवर बटण दाबून आणायचा आणि दांडी हलवायची. हात छातीच्या वर न्यायचा नाही, मागच्याला दिसलं पाहिजे. हळुवार गाण्यात ब्र काढायचा नाही. माणूस मौजमजेला आलाय की कवायतीला, हा प्रश्न नोरिओने गिळून टाकला होता.

"आज माझी शोभा केलीत," निघताना तिनं बजावलं, "तर पुढच्या महिन्यात गरम झऱ्यांच्या गावी मी ताईला घेऊन जाईन. तुम्ही बसा घरी, पाकिटातल्या शेवया खात."

नोरिओ वर्षभर त्या झऱ्यांच्या आशेवर तर ऑफिसला जात होता.

आणखी एक नियम होता. गाणाऱ्यांच्या या मंडळातला चौथा गायक रेंतो तीन वर्षांपूर्वी भांडून निघून गेला होता. त्याचा रंग नारिंगी. तेव्हापासून चाहत्यांनी तो रंग वाळीत टाकला होता. बंदी कुणी घातली नव्हती, त्याबद्दल कुणी बोललंही नव्हतं. इथे बोलावं लागत नाही.

माहिरोचं संथ गाणं सुरू झालं आणि सगळं सभागृह निळं झालं. नोरिओच्या घामेजल्या हातातून दांडी निसटली, खुर्चीच्या पायावर आपटली, आणि उचलली तर नारिंगी. त्याने बटण दाबलं. नारिंगी. पुन्हा दाबलं. नारिंगीच. मग त्याने सेल काढायला पाहिलं, पण ते उडून कुणाला लागू नयेत म्हणून चिझुरुनेच झाकण चिकटपट्टीने गच्च बांधलं होतं. दांडी कोटाखाली लपवली तर कोट आतून उजळला.

चिझुरु डोळे मिटून डुलत होती, पण पलीकडच्या चष्मेवाल्या बाईंनी पाहिलं. एखाद्या वेड्याने हे केलं असतं तर त्यांनी दुर्लक्ष केलं असतं. पण टाय लावलेला, सरळ उभा असलेला गृहस्थ नियम मोडतो, म्हणजे नियमच बदलला असणार, आणि नेमकं आपल्यालाच कळलं नसणार! गाणं चालू असताना विचारायची सोय नाही. बाईंनी मुकाट्याने आपला दिवा नारिंगी केला.

त्यांच्या शेजारणीला वाटलं, हे दोघं ठरवून आलेत. मग रांग, मग पुढची रांग, मग वरची गॅलरी. एकटं पडण्याची धास्ती हजारो माणसांना बटण दाबायला लावत होती. चिझुरुने डोळे उघडले तेव्हा निळी अशी ती एकटीच उरली होती. तिनेही घाईघाईने रंग बदलला.

माहिरो थांबला. त्याला पुढची ओळ गाता येईना. तो ढसाढसा रडला आणि मान लववून म्हणाला, "तीन वर्षं त्याचं नाव घ्यायची हिंमत होत नव्हती मला. तुम्ही विसरला नाहीत."

सगळं सभागृह नाक पुसत होतं. अर्थात, आवाज न करता.

स्टेशनच्या फलाटावर चिझुरुची मैत्रीण शिगेको भेटली. ही कल्पना कुणाची, याचा ती फलाटभर शोध घेत फिरत होती. "कळलं तर पाया पडेन," ती म्हणाली.

"पाहा," चिझुरु नवऱ्याकडे वळली. "याला म्हणतात मन. नाहीतर तुम्ही, मी डोळे उघडले तर नुसते खिसे चाचपत..."

बोलता बोलता तिचं लक्ष त्याच्या कोटाच्या खिशाकडे गेलं. सगळ्यांचे दिवे केव्हाच विझले होते, हा खिसा मात्र अजून नारिंगी उजळला होता. नोरिओने डोळे मिटून घेतले.

चिझुरुने त्या उजेडाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. आणि ती शिगेकोसमोर कमरेत वाकली.

"अगं, विशेष काही नाही," ती लाजून म्हणाली. "आमच्या ह्यांना सुचलं आपलं सहज."

शिगेको भारावून वाकली, चिझुरु पुन्हा वाकली, नोरिओही वाकला. गाडी आली. शिगेको पुढे चढली, तशी चिझुरुने नवऱ्याच्या कोटाचं बटण लावलं आणि हसरा चेहरा तसाच ठेवून कुजबुजली, "झऱ्यांवर ताईच येणार आहे."